कण्याची रचना आणि कंबरेचे दुखणे

कंबरेच्या भागात कण्याचे पाच मणके येतात. छातीच्या बारा मणक्यांखाली त्यांची रांग सुरू होते आणि खाली त्रिकास्थीवर येऊन टेकते. धडाचा, डोक्याचा आणि हातांचा जवळजवळ सगळा भार या पाच मणक्यांवरून ओटीपोटाच्या हाडांकडे उतरतो. वाकणे, वळणे, मागे झुकणे ही कामेही मुख्यतः त्यांनाच करावी लागतात. भार पेलायचा तर सांधे घट्ट हवेत आणि वाकायचे तर ते सैल हवेत. या दोन्ही गरजा एकाच जागी येत असल्यामुळे कण्याच्या झिजेचा मोठा वाटा याच भागाला येतो.

कंबरदुखीचा पसारा फार मोठा आहे. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती, असा अंदाज 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या अभ्यासात मांडला गेला. माणसाला जिवंतपणी अपंगत्व सोसायला लावणाऱ्या आजारांत तिचा क्रमांक पहिला लागतो. कंबर दुखणाऱ्या दहातल्या साधारण नऊ जणांच्या बाबतीत अमुकच जागी बिघाड आहे, असे बोट ठेवून सांगता येत नाही. उरलेल्यांच्या कण्यात ओळखता येण्याजोगा दोष असतो आणि या व्याख्यानाचा विषय ते दोष हा आहे. मात्र दोष दिसणे वेगळे आणि तोच दोष दुखत असणे वेगळे. पुढे येणाऱ्या प्रत्येक विकाराकडे हा फरक मनात ठेवूनच पाहावे लागते.

मणक्याचा पुढचा भाग जाड आणि भरीव असतो. मागच्या बाजूला हाडाची कमान असते. दोहोंच्या मध्ये पोकळी असते आणि मणके एकावर एक आले की या पोकळ्यांची सलग नलिका तयार होते. मेंदूकडून येणारा मज्जारज्जू या नलिकेतून उतरतो, पण तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपासच संपतो. त्याखाली असतो तो नसांचा जुडगा. त्याला वैद्यकात 'कॉडा इक्विना' म्हणतात. म्हणूनच कंबरेच्या खालच्या भागातला बिघाड मज्जारज्जूपर्यंत पोहोचत नाही. तो सुट्या नसांना त्रास देतो आणि या नसा मज्जारज्जूच्या मानाने दाब पुष्कळ सहन करतात. जुडग्यातली एकेक नस दोन मणक्यांमधल्या छिद्रातून डावीकडे आणि उजवीकडे बाहेर पडते. दोन मणक्यांमध्ये पुढे एक गादी आणि मागे डावा-उजवा असे दोन छोटे सांधे असतात. या सांध्यांना फॅसेट सांधे म्हणतात. तिघांपैकी एक बिघडला की उरलेल्या दोघांवरचा भार वाढतो, आणि वयानुसार होणारी बरीचशी झीज याच साखळीने पुढे सरकते.

गादीच्या मध्यभागी ओलसर, लवचीक गाभा असतो. त्याभोवती तंतूंचे कडे असते. कड्याचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक बसलेले असतात आणि प्रत्येक थरातले तंतू शेजारच्या थराच्या उलट दिशेने तिरपे गेलेले असतात. लहान वयात गाभ्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग पाणीच असते. दिवसभर उभे राहण्या-बसण्याने त्यातले काही पाणी बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा आत शोषले जाते. त्यामुळे माणसाची उंची संध्याकाळी सकाळपेक्षा सुमारे एक टक्क्याने कमी भरते. प्रौढ माणसाच्या गादीत आतवर रक्तवाहिन्या नसतात. वरच्या आणि खालच्या बाजूच्या कूर्चेच्या पातळ थरांमधून जे झिरपेल त्यावरच आतल्या पेशी जगतात. इतक्या तुटपुंज्या पोषणावर जगणाऱ्या गादीची जखम भरून यायला वेळ लागणारच. वेदना जाणणारे मज्जातंतूही निरोगी गादीच्या फक्त बाहेरच्या थरांत असतात. आतला गाभा स्वतः दुखू शकत नाही.

झीज विशीच्या आत-बाहेरच सुरू होते. गाभ्यातले पाणी धरून ठेवणारे पदार्थ घटतात, गादीची उंची कमी होते आणि कड्याला बारीक चिरा पडतात. मणक्यांच्या काठांवर हाडाची टोके वाढतात. एमआरआयमध्ये पाणी कमी झालेली गादी काळी दिसते. वर्षानुवर्षे उचललेल्या ओझ्यांमुळे गादी झिजते, असा समज दीर्घकाळ होता. फिनलंडमध्ये तापियो विदेमन, मिशेल बॅटिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११५ एकसारख्या जुळ्या पुरुषांच्या जोड्यांचे एमआरआय तपासले. त्यांच्या १९९५ च्या अहवालाने हा समज हलवला. एक भाऊ आयुष्यभर अंगमेहनतीचे काम करणारा आणि दुसरा बैठे काम करणारा असला, तरी दोघांच्या गाद्या आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या निघाल्या. झिजेचा मोठा वाटा आनुवंशिकतेचा होता. कामाच्या भाराचा वाटा त्यामानाने अगदी थोडा होता.

याचा अर्थ कष्टाच्या कामाने कंबर दुखत नाही, असा होत नाही. जड वस्तू वारंवार उचलणे, वाकलेल्या स्थितीत कमरेत वळणे आणि वाहनाची सततची थरथर यांचा दुखण्याशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. भाताच्या लावणीत दिवसभर ओणवे राहणारी बाई, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणारा तोडणी कामगार आणि पोती वाहणारा माथाडी यांची कंबर दुखते हे उघड आहे. जुळ्यांच्या अभ्यासाने एवढेच दाखवले की दुखणे आणि गादीची झीज या दोहोंचा हिशेब एकाच वहीत मांडता येत नाही.

हेच आणखी स्पष्ट झाले ते दुखणे नसलेल्या माणसांचे एमआरआय काढल्यावर. १९९४ मध्ये मॉरीन जेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांची अशी तपासणी केली. त्यांच्यापैकी ५२ टक्के लोकांत किमान एक गादी फुगलेली होती, तर २७ टक्के लोकांत ती एका जागी बाहेर आलेली होती. सगळ्या गाद्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के होते. २०१५ मध्ये वलीद ब्रिंजिकजी यांच्या गटाने अशा ३३ अभ्यासांतील ३,११० वेदनारहित व्यक्तींची माहिती एकत्र केली. विशीतल्या माणसांत गादीची झीज ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के आढळली. फुगलेल्या गादीचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर गेले. ही सगळी माणसे कंबरेची कुठलीही तक्रार नसलेली होती. वयाबरोबर केस पांढरे होणे जितके स्वाभाविक, तितकेच हे बदलही स्वाभाविक आहेत.

आज जिल्ह्याच्याच नव्हे तर अनेक तालुक्यांच्या गावीही एमआरआय होतो आणि अहवाल रुग्णाच्या हाती पडतो. 'गादी सरकली', 'नस दबली', 'मणका झिजला' हे शब्द तो वर्षानुवर्षे मनात वागवतो. घागर उचलणे सोडतो, शेतात जाणे सोडतो, मांडी घालून बसायलाही घाबरतो. स्नायू कमजोर होतात, दुखणे वाढते आणि अहवाल खरा ठरल्यासारखा वाटतो. या भीतीने होणारे नुकसान पुष्कळदा गादीने केलेल्या नुकसानापेक्षा मोठे असते, आणि ते टाळणे बऱ्याच अंशी डॉक्टरच्या हातात असते. अहवाल देताना दोन वाक्ये समजावून सांगितली तरी पुरते.

तरीही चित्र निरर्थक ठरत नाही. ब्रिंजिकजी यांच्याच गटाने त्याच वर्षी पन्नाशीच्या आतल्या, कंबर दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या लोकांची तुलना केली. तेव्हा गादी बाहेर येणे, कड्यातून गाभा निसटणे, मणक्याच्या टोकाशी सूज दिसणे आणि कमानीतली चीर या गोष्टी कंबर दुखणाऱ्यांत अधिक आढळल्या. म्हणजे संबंध आहे, पण तो एकट्या चित्रावरून ठरत नाही. रुग्ण सांगतो ती वेदनेची वाट, तपासणीत सापडणारी नसेची खूण आणि चित्रात दिसणारी जागा या तिन्ही एकमेकींशी जुळल्या तरच दोषाला कारण म्हणता येते. दुखणे उजव्या पायात आणि गादी डावीकडे सरकलेली, अशी स्थिती असेल तर त्या गादीवर शस्त्रक्रिया करून काही साधत नाही.

ही जुळणी सर्वांत चांगली दिसते ती सरकलेल्या गादीत. मांडीच्या मागून पायात उतरणाऱ्या दुखण्याला आयुर्वेदात गृध्रसी म्हटले आहे, तर बोलीत त्याला सायटिका म्हणतात. १७६४ मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी हे दुखणे खुब्याच्या सांध्याचे नसून नसेचे आहे, असे दाखवले. नसेला नेमके काय होते, हे कळायला मात्र आणखी दीडशेहून अधिक वर्षे लागली. नलिकेत सापडणारे कूर्चेसारखे तुकडे शल्यविशारद काढत असत, पण त्यांना गाठ समजत. १९२९ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी दोन रुग्णांत असे तुकडे गादीतून सुटलेले असल्याचे लिहिले. १९३४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी गादी फुटणे, नस दबणे आणि सायटिका यांचा दुवा ठामपणे मांडला. त्यानंतरची काही दशके कंबरेच्या प्रत्येक दुखण्याचे खापर गादीवर फुटत राहिले. मिक्स्टर आणि बार यांनी दाखवला तो पायात उतरणाऱ्या दुखण्याचा उगम होता. त्यावरून नुसत्या कंबरेच्या दुखण्यासाठी गादी काढण्याची जी प्रथा पडली, तिला त्यांच्या शोधात आधार नव्हता.

कड्याची चीर बहुधा मागच्या बाजूला, मध्यापासून थोडी डावी किंवा उजवी असते, कारण तिथे आधार देणारा अस्थिबंध पातळ असतो. गाभा त्या चिरेतून नलिकेकडे येतो. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली आणि पाचवा मणका व त्रिकास्थी यांमधली, या दोन गाद्या बाकीच्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळा सरकतात. पहिलीमुळे पाचवी नस दुखावली तर कळ मांडीच्या मागून नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागापर्यंत जाते. अंगठा वर उचलायला ताकद पुरत नाही आणि टाचांवर चालताना पाऊल पडते. दुसरीमुळे त्रिकास्थीची पहिली नस दुखावली तर कळ पोटरीतून टाच आणि करंगळीच्या बाजूला उतरते. चवड्यावर उभे राहणे जमत नाही आणि घोट्यामागे हातोडीने टकटक केल्यावर येणारा झटका नाहीसा होतो. रुग्णाला उताणे निजवून गुडघा सरळ ठेवत पाय उचलला की साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पायात तीच कळ उठते. ही चाचणी फ्रेंच वैद्य लासेग यांच्या नावाने ओळखली जाते. ती लिहून मांडली त्यांचा विद्यार्थी फोर्स्ट याने, १८८१ मध्ये. यंत्राशिवाय, दोन मिनिटांत आणि फुकट होणारी ही तपासणी आजही टाळू नये अशी आहे.

दबलेली नस दुखते, हे वाटते तितके सरळ नाही. १९५८ मध्ये स्मिथ आणि राइट यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी नसांभोवती नायलॉनचे धागे गुंफून त्यांची टोके बाहेर ठेवली आणि नंतर शुद्धीवर असलेल्या रुग्णांत ते हलके ओढून पाहिले. आधी दुखावलेली नस ओढली की पायात जुनी कळ उठे. निरोगी नस ओढल्यावर ती उठत नसे. १९९१ मध्ये स्टीफन कुस्लिक यांच्या गटाने फक्त जागा बधिर करून १९३ रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना एकेका भागाला स्पर्श करून रुग्णांना विचारले. पायातली ओळखीची कळ उठली ती सुजलेल्या किंवा दबलेल्या नसेला हात लावल्यावर, आणि कंबरेतले ओळखीचे दुखणे मुख्यतः गादीच्या बाहेरच्या थरातून आले. दोन वर्षांनी स्वीडनमध्ये ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या नसेवर गादीचा गाभा नुसता ठेवला. कसलाही दाब नसताना नसेचे काम मंदावले. गाभा रक्ताच्या संपर्काबाहेर वाढलेला असतो आणि बाहेर आल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध दाह निर्माण करते. दाब आणि दाह एकत्र आले की सायटिका होते. एकाच आकाराची सरकलेली गादी एकाला अंथरुणाला खिळवते आणि दुसऱ्याला कळतही नाही, त्याचे एक कारण यात आहे.

दिलाशाची गोष्ट याच दाहातून निघते. शरीर ज्याला परके मानते त्याला ते खाऊनही टाकते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पूर्ण सुटून बाहेर पडलेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत आपोआप आक्रसले होते, कड्याबाहेर निसटलेला गाभा ७० टक्क्यांत, तर नुसती फुगलेली गादी जेमतेम १३ टक्क्यांत. चित्रात सर्वांत भयंकर दिसणारी गादीच विरघळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. नेदरलँड्समध्ये पॉल आणि सहकाऱ्यांनी ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांना दोन गटांत विभागले आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांत ९५ टक्के रुग्ण बरे होते. पायातली ताकद झपाट्याने कमी होत नसेल तर घाई करण्याचे कारण नाही. असह्य कळ सहा-आठ आठवडे हटत नसेल तर शस्त्रक्रिया नाकारण्याचेही कारण नाही. हा निर्णय रुग्णाने समजून-उमजून घ्यायचा असतो.

नलिका अरुंद होण्याचा विकार वेगळ्या वयात येतो आणि वेगळ्या तऱ्हेने वागतो. उट्रेख्टचे मज्जाशल्यविशारद हेंक व्हरबीस्ट यांनी १९५४ मध्ये त्याची ओळख पटवली. काहींची नलिका जन्मतःच अरुंद असते. बहुतेकांत गादी पुढून फुगते, फॅसेट सांधे बाजूने जाड होतात, मागचा पिवळा अस्थिबंध जाडावतो आणि आत दुमडतो, आणि तिन्ही बाजूंनी जागा आवळली जाते. पुढून मागेपर्यंतची रुंदी १० मिलिमीटरच्या खाली गेली तर ती फारच कमी मानतात. साठीनंतरचा माणूस सांगतो की चालायला लागले की थोड्या वेळात दोन्ही मांड्या-पोटऱ्या जड होतात, मुंग्या येतात, पाय ओढले जातात. बसले किंवा पुढे ओणवे झाले की दोन-चार मिनिटांत बरे वाटते. पुढे वाकल्याने नलिका रुंदावते आणि ताठ उभे राहिल्याने आवळते. त्यामुळे शंभर पावले चालू न शकणारा असा माणूस सायकल मात्र निर्धास्त चालवतो आणि हातगाडी ढकलत बाजारभर फिरतो. पायांचा रक्तपुरवठा कमी झाला तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण तिथे नुसते थांबले तरी आराम पडतो, वाकावे लागत नाही, आणि पावलांची नाडी क्षीण लागते. तंबाखू ओढणाऱ्या मधुमेही रुग्णात हा फरक न तपासता एमआरआयकडे धाव घेतली तर चुकीच्या जागी शस्त्रक्रिया होऊ शकते. त्या वयात अरुंद नलिका चित्रात सापडणे काही दुर्मीळ नाही.

फॅसेट सांध्यांची झीज गुडघ्यांच्या झिजेच्याच जातीची असते. दुखणे कंबरेच्या एका बाजूला आणि कुल्ल्यात असते, मागे झुकल्यावर वाढते आणि गुडघ्याच्या खाली सहसा जात नाही. तपासणीतून किंवा चित्रातून त्याची खात्री पटत नाही. सांध्याला जाणाऱ्या बारीक नसेशी बधिर करणारे इंजेक्शन देऊन दुखणे थांबते का, हे पाहावे लागते.

कमानीचा दोष तरुणांत दिसतो. वरच्या आणि खालच्या फॅसेट सांध्यांमध्ये हाडाचा एक अरुंद पट्टा असतो. कंबर वारंवार मागे वाकवून वळवली तर तिथे थकव्याची चीर पडते. प्रौढांपैकी सुमारे ६ टक्के लोकांत ती असते आणि बहुतेकांना तिचा पत्ता नसतो. जलद गोलंदाज, जिम्नॅस्ट आणि भालाफेकपटू यांच्यात प्रमाण कितीतरी जास्त आहे. गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो त्या क्षणी धड मागे आणि बाजूला झुकलेले असते आणि लगेच वळते. सगळा ताण चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूच्या कमानीवर येतो, आणि चीरही बहुधा त्याच बाजूला पडते. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिली यांची कारकीर्द याच चिरांमुळे संपली असे वाटले होते. दीर्घ विश्रांती आणि नेटाच्या व्यायामानंतर ते परतले. जसप्रीत बुमरा पाठीच्या अशाच दुखापतीने २०२२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाला मुकला आणि २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया करून पुन्हा मैदानात उतरला. चौदा-पंधरा वर्षांच्या गोलंदाजाची कंबर एका बाजूला आठवडा-दोन आठवडे दुखत राहिली तर त्याला थांबवून तपासले पाहिजे. सुरुवातीला ताण आलेले हाड एमआरआयमध्ये चीर पडण्याआधी दिसते आणि त्या टप्प्यावर विश्रांतीने पूर्ण भरून येते. निवड चाचणी जवळ आली म्हणून गोळी देऊन त्याला खेळवणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

दोन्ही बाजूंच्या कमानी तुटल्या तर वरचा मणका खालच्यावर पुढे घसरू शकतो. हे बहुधा पाचवा मणका आणि त्रिकास्थी यांच्यात घडते. कमान शाबूत असतानाही, झिजलेले फॅसेट सांधे आणि गादी मणक्याला धरून ठेवू शकली नाहीत की, चौथा मणका पाचव्यावर घसरतो. हा प्रकार पन्नाशीनंतरच्या बायकांत अधिक आढळतो आणि त्यात नलिकाही आवळली जाते. घसरणीची मोजणी १९३२ मधील मायर्डिंग यांच्या पद्धतीने होते. खालच्या मणक्याच्या पृष्ठाचे चार भाग कल्पून वरचा किती भागांनी पुढे आला, ते पाहतात. पहिल्या पायरीतली घसरण बरेचदा वर्षानुवर्षे तिथेच थांबते.

बाकाचे दोष इथे थोडक्यात. किशोरवयातला बाजूचा बाक सौम्य असेल तर फारसा दुखत नाही. उतारवयात एका बाजूच्या गाद्या जास्त झिजून आलेला बाक मात्र दुखतो, आणि त्यात नसाही अडकतात. काहींचा शेवटचा मणका एका बाजूने त्रिकास्थीशी जोडलेला असतो. १९१७ मध्ये इटलीच्या बेर्तोलोत्ती यांनी त्याचा कंबरदुखीशी संबंध सुचवला होता, पण असे मणके न दुखणाऱ्यांतही खूप सापडतात.

हाडाचे दोष सर्वस्वी वेगळे. ठिसूळ झालेला मणका पडल्याशिवायही दबतो. पाण्याची बादली उचलताना, शिंकताना, एसटीच्या मागच्या बाकावर खड्ड्याचा हादरा बसताना कंबरेत किंवा पाठीच्या खालच्या भागात कळ येते आणि ती दोन-तीन आठवडे कूस बदलू देत नाही. पाळी बंद झालेल्या बायका आणि दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेले रुग्ण यांना धोका सर्वांत जास्त. मणका पुढून चेपून पाचरीसारखा होतो, उंची कमी होते, पोक येते. असे बरेचसे मोडलेले मणके निदानाविना राहतात, कारण 'वयामुळे दुखते' म्हणून घरचे आणि कधी डॉक्टरही विषय सोडून देतात. मोडलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या शस्त्रक्रियेची २००९ मध्ये दोन चाचण्यांत खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना झाली, आणि दुखणे कमी होण्यात फरक दिसला नाही. खरी गरज असते ती हाडांच्या घनतेची तपासणी करून ठिसूळपणावर उपचार करण्याची, कारण एक मणका मोडलेल्या बाईचा दुसरा मोडण्याचा धोका पुष्कळ वाढलेला असतो.

भारतात मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. इंग्लंडच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला पॉटचा रोग म्हणतात. जंतू रक्तातून येऊन मणक्याच्या गादीलगतच्या भागात बसतात. हाड पुढून खचते, टोकदार कुबड निघते, पू साचतो आणि तो छातीच्या किंवा कंबरेच्या वरच्या भागात मज्जारज्जू दाबू लागला तर पाय लुळे पडतात. सुरुवातीला फक्त न हटणारे, रात्रीही जाणवणारे कंबरेचे दुखणे असते. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन आणि भूक मंदावणे यांबद्दल विचारल्याशिवाय रुग्ण सांगत नाही. साध्या एक्स-रेत काही दिसायला महिने जातात, एमआरआयमध्ये ते लवकर दिसते. बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. सु. म. तुली यांनी १९७५ मध्ये 'मध्यम मार्ग' मांडला. सर्वांना औषधे द्यायची आणि शस्त्रक्रिया फक्त औषधांनी न सुधारणाऱ्यांवर करायची. तेव्हा या रोगावर सरसकट शस्त्रक्रिया करावी की मुळीच करू नये, असे दोन पक्ष होते. तुलींच्या पद्धतीने असंख्य रुग्णांची शस्त्रक्रिया टळली आणि तिचा प्रभाव जगभर पडला. औषधे साधारण वर्षभर न चुकता घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून चौथ्या महिन्यात ती सोडणे हा या उपचारातला सर्वांत मोठा धोका आहे.

चाळिशीच्या आत सुरू होणारी, पहाटे जाग आणणारी, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ कंबर आखडून ठेवणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी सांध्यांच्या दाहाची असते. ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा तिचा प्रमुख प्रकार. यात बहुधा त्रिकास्थी आणि ओटीपोटाची हाडे यांमधले सांधे आधी सुजतात, पुढे मणके एकमेकांना जुळत जातात. सुरुवातीची चित्रे स्वच्छ निघत असल्यामुळे अनेकांचे निदान वर्षानुवर्षे लांबते. गाद्या ठीक असल्याचे सांगून घरी पाठवलेल्या तरुणाला सकाळी कंबर आखडते का, हे विचारलेच पाहिजे.

कर्करोग मणक्यात बहुधा दुसरीकडून येतो : स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड. आधी कर्करोग झालेल्या माणसाची नवी कंबरदुखी, आडवे पडल्यावरही न थांबणारे दुखणे आणि कारण नसता घटलेले वजन या तिन्हींत वाट पाहायची नसते. मोठी इजा, ताप, दीर्घकाळचे स्टेरॉइड, पायांची वाढती अशक्तता यांबाबतही तेच. अशी एकही खूण नसेल तर पहिले सहा आठवडे एक्स-रे किंवा एमआरआय न काढता माणसाला हिंडते-फिरते ठेवणे, हा आजचा सर्वमान्य सल्ला आहे.

एका अवस्थेत आठवडे सोडाच, तासही मोजावे लागतात. मोठी गादी नलिकेच्या मध्यात येऊन नसांचा सगळा जुडगा दाबते तेव्हा दोन्ही पायांत कळ येते, गुदद्वार, जननेंद्रिय आणि मांड्यांचा आतला भाग बधिर होतो, लघवी अडते किंवा कळत नाही. संकोचाने रुग्ण हे सांगत नाही, म्हणून विचारणाऱ्याने स्पष्ट शब्दांत विचारायचे असते आणि बधिर जागा स्वतः तपासायची असते. अशा रुग्णाचा एमआरआय त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, झाला पाहिजे. दाब शक्य तितक्या लवकर, लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत काढला पाहिजे. उशीर झाल्यास लघवीवरचा ताबा बहुधा पूर्ण परत येत नाही.